आमच्या गच्चीवरचं ऊन

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं, की आमच्या भिंतींत कापसासारखं काहीतरी भरून घेतलं आणि त्याचे बरेचसे पैसे सरकारने दिले, तसं तुझ्या गावात असतं का आजी? शाळेत त्यावर काही लिहून न्यायचं होतं. मी "असतं" एवढंच म्हणाले, कारण तुमची आई मागे उभी राहून "थोडक्यात, आई, थोडक्यात" अशी खूण करत होती. थोडक्यात सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीतच लिहिणार. आईकडून वाचून घ्या. तिने मधले रागाचे भाग गाळले तर मला कळवा.

तुमच्याकडे घर उबदार ठेवायला मदत देतात. जळगावात त्यासाठी कोणाची मदत लागत नाही. मार्चपासून जून संपेपर्यंत भिंतीला पाठ टेकता येत नाही आणि नळाचं पाणी दुपारी चहाला निम्मं तापलेलं येतं. आमच्याकडची मदत छतावर काचेचे पॅनेल बसवण्यासाठी मिळते. पॅनेल उन्हातून वीज करतात, ती वीज घर वापरतं, उरलेली वीज कंपनीच्या तारेत जाते आणि बिलातून वजा होते. कागदावर ही योजना चांगलीच आहे. माझं बिल आता जवळजवळ शून्य येतं, ते मी नाकारत नाही. माझा राग त्यानंतरच्या गोष्टींवर आहे.

माझं घर तुम्ही पाहिलं आहे. खाली तीन खोल्या, वर मोकळी गच्ची. मागच्या बाजूला एक बोळ आहे आणि बोळापलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. त्या खोल्या एका व्यापाऱ्याच्या आहेत आणि त्यांत भाडेकरू राहतात. लहानपणी तुम्ही गच्चीवरून त्या पत्र्यांवर खडे मारून आवाज काढायचात आणि खालून एक बाई ओरडायची, "कोण रे ते उंदीर?" ती बाई म्हणजे अक्का. सगळा बोळ तिला अक्का म्हणतो. ती माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान आहे, तरी मीही तिला अक्काच म्हणते. ती मला "बाई" म्हणते, कारण तिच्या भावाला मी शिकवलं होतं. चिडली नाही तोवर ती माझ्याशी शहरी बोलते. चिडली की अहिराणी.

तुमची आई दर वेळी सामानात जे बिबडे भरून नेते, ते अक्काचे असतात. ते कसे होतात हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. ज्वारी भिजवून, भरडून तिचा लसूण, तीळ, मिरची घालून घाटा शिजवायचा. ओल्या धोतरावर तो हाताने पातळ गोल थापायचा आणि उन्हात टाकायचा. अर्धवट वाळला की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, बिबडे सोडवायचे आणि पुन्हा कडक वाळवायचे. यात कौशल्य अक्काचं, पण बाकी सगळं उन्हाचं. ते सकाळपासून लागतं, आडोशाशिवाय लागतं आणि खाली धूळ नसलेली मोठी जागा लागते. पत्र्याच्या उतरत्या छपरावर पाय ठेवता येत नाही. म्हणून फाल्गुन लागला की माझ्या गच्चीची किल्ली अक्काकडे असायची. कितीतरी वर्षं. घरोघरच्या ऑर्डरी घेऊन ती इथे बिबडे, कुरडया, पापड करायची आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं.

त्याआधी ती डाळ मिलमध्ये होती. डाळ निवडायला, पोती झाडायला. तिथल्या भुशाने तिची छाती गेली. खोकला सुरू झाला की ती भिंतीला धरून उभी राहायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टरांनी मिल सोडायला सांगितली. सोडता आली ती गच्चीमुळे. मी काही उपकार केले नाहीत. मला गच्चीचा उपयोग नव्हता आणि तिला होता, एवढंच.

मला मात्र कामात सरमिसळ चालत नाही. म्हणून मी गच्चीच्या मधोमध ऑइलपेंटने एक सरळ पांढरी रेघ मारून घेतली होती. पूर्वेची बाजू अक्काची, पश्चिमेची माझ्या गाद्या, मिरच्या आणि तुरीची.

"बाईंनी हिंदुस्थान-पाकिस्तान केलाय," अक्का बायकांना सांगायची. "रेघेपलीकडे कुरडई गेली तर गोळीबार होतो."

गेल्या दिवाळीला तुमचा मामा पुण्याहून आला तो एका माणसाला घेऊनच. हा माणूस धुळ्याचा, सोलर बसवून देणारा. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, बोलणं अखंड. त्याने गच्चीवर पावलांनी मापं घेतली, फोनमध्ये फोटो काढले आणि सांगितलं, "तीन किलोवॅट बसेल, मॅडम. आरामात."

मी त्याला विचारलं, "मला किती लागतं ते तुम्ही विचारलंच नाही. दोन पंखे, एक फ्रिज, चार दिवे. माझं बिल पाहिलंत का?"

"बिल कशाला पाहायचं? सबसिडी तीनला पूर्ण मिळते."

"म्हणजे औषध रोग्याला किती हवं ते बाटलीवर ठरतं?"

तो हसला. मामा म्हणाला, "आई, मिळतंय ते घ्यावं. उरलेल्या विजेवर एसी लावू. तू उन्हात भाजून निघतेस."

तेवढ्यात अक्का मला मदत म्हणून चहाचे कप न्यायला वर आली. तिने सगळं ऐकलं आणि धुळेकराला विचारलं, "भाऊ, आमच्या पत्र्यावर बसतं का हे? तिथे तर दिवसभर ऊन."

"घर नावावर आहे?"

"नाही."

"मीटर नावावर?"

"मालकाचं आहे. त्याने आतून सबमीटर दिलाय. तो म्हणेल त्या भावाने आम्ही पैसे देतो."

"मग अक्का, आधी मालकाला सांगा खोली नावावर करून दे. पॅनेल मी लगेच देतो." तो स्वतःच्या विनोदावर मोठ्याने हसला. मामाही हसला. मी नोंद घेतली की मामा हसला.

आता धाकटीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, ते नीट ऐका. ही मदत सगळ्यांच्या पैशातून येते. अक्का साबण घेते, तेल घेते, तिच्या खरेदीतला कर त्यात आहे. पण ती मिळायला आधी पक्कं छप्पर लागतं, ते नावावर लागतं आणि मीटरही नावावर लागतं. ज्याच्या घरात आधीच भिंती जाड आणि छत उंच, त्याला मदत. जी पत्र्याखाली शिजते आणि एका युनिटला माझ्यापेक्षा जास्त भाव मोजते, तिला "मालकाला सांगा". आणि मदत कमी गरजेला कमी आणि जास्त विजेला जास्त. मी काटकसरीने राहिले हा माझा दोष ठरला, तो दुरुस्त करण्यासाठी मला एसी घ्यावा लागणार होता.

तरी मी हो म्हटलं. एका अटीवर. "रेघेच्या पूर्वेला काही बसवायचं नाही. फाल्गुनात तिथे काम असतं."

"होईल, मॅडम. ॲडजस्ट करू," धुळेकर म्हणाला. रेघेवर त्याने बूट टेकवला होता.

पुढे माझ्या धाकट्या बहिणीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला धुळ्याला जावं लागलं. मामा सुट्टी काढून इकडे आला होता, किल्ली त्याच्याकडे. मी परत आले तेव्हा काम आटोपलेलं होतं. गच्चीवर लोखंडी पायांच्या दोन लांब रांगा, त्यांवर निळसर काळी काच, पुढून गुडघ्याइतकी आणि मागून कमरेइतकी उंच. माझी पांढरी रेघ एका पायाखाली जायची आणि दुसऱ्या पायाशी बाहेर यायची. पूर्वेची बाजू पूर्ण भरलेली होती. पश्चिमेला मात्र थोडी जागा सुटली होती, जिथे शेजाऱ्यांच्या निंबाची सावली असते.

मी लगेच फोन लावला.

"मॅडम, पश्चिमेला सावली येते ना," धुळेकर म्हणाला. "सोलरला क्लिअर ऊन लागतं. तुमच्या गच्चीवर बेस्ट ऊन पूर्वेलाच आहे."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच ती जागा दिलेली होती."

"कोणाला दिलेली?"

या प्रश्नाच्या उत्तराला त्याच्या योजनेत रकाना नव्हता.

मग एसी आले, एक बैठकीत, एक माझ्या खोलीत. त्यांची बाहेरची यंत्रं मागच्या भिंतीला, बोळाकडे तोंड करून. माझी खोली गार होते आणि त्या खोलीतली उष्णता यंत्र बोळात फेकतं, थेट अक्काच्या दाराच्या दिशेने. पूर्वी मी दुपारी ओला पंचा डोक्यावर ठेवून पंख्याखाली पडायचे, आता एसी लावते. वीज वाचावी म्हणून दिलेल्या पैशांनी माझ्या घरातली वीज वाढली. आणि मामा फोनवर म्हणतो, "आई, आपण पर्यावरणासाठी केलं." मी त्याला विचारलं की कोणाच्या पर्यावरणासाठी. त्याने विषय बदलला.

शिवाय धुतलं नाही तर पॅनेल काम करत नाही. आमच्याकडची धूळ तुम्हाला आठवत असेल, सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटाने लिहिता येईल असं होतं. त्यामुळे दर आठवड्याला नळाच्या पाण्याने काच धुवायची. नळाला पाणी रोज येत नाही. बोळात बायका हंडे लावून उभ्या असताना मी पिण्याच्या पाण्याने काच धुते, हे मला कोणत्याच भाषेत समजावून सांगता आलं नाही, तेव्हा मी ते सकाळी लवकर, कोणी नसताना करू लागले.

फाल्गुन लागला. अक्का एक दिवस भिजवलेल्या ज्वारीचा हिशेब मनात करत वर आली आणि जिन्याच्या दारातच थांबली. बसवताना तिने खालून ठोकाठोक ऐकली होती, पण पूर्वेला रेघ आहे म्हणून निर्धास्त होती. तिने पॅनेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बठ्ठं तुमनं शे, बाई," ती म्हणाली. "पन ऊन बी तुमनंच का?"

सगळं तुमचं आहे, पण ऊनसुद्धा तुमचंच का, असा त्याचा अर्थ. खरं उत्तर होकारार्थी होतं. निदान कागदोपत्री.

तिने इतर जागा पाहिल्या. कॉलनीतल्या बहुतेक गच्च्यांवर त्याच वर्षी पॅनेल चढले होते, धुळेकराने एकामागून एक घरं केली होती. देवळाच्या आवारात तिने एक दिवस कापडं टाकली, तिथे कुत्री आली आणि रस्त्याची धूळ बसली. एका शेठजींची गच्ची मोकळी होती, पण त्यांच्या घरात लसणाचा वास चालत नाही. बिबड्याला लसूण नसेल तर तो बिबडा नाही, असं अक्का त्यांच्या तोंडावर सांगून आली. ऑर्डरी परत जायला लागल्या. होळीच्या दोन दिवस आधी ती मला म्हणाली, "पाडव्यापासून मिलमध्ये जाते. मुकादमाला सांगून ठेवलंय."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"डॉक्टरांची गच्ची आहे का मोकळी?"

त्या दुपारी मी पॅनेलजवळ उभी होते. हात टेकवला तर चटका बसला. काच गुळगुळीत होती, उताराची होती, पूर्ण उन्हात होती आणि दर आठवड्याला माझ्याच हाताने पिण्याच्या पाण्याने धुतलेली होती. मी जिन्यातून खाली हाक मारली.

"अक्का, काचेवर घाला."

ती वर आली. "हे सरकारी शे ना?"

"अर्धं. माझ्या अर्ध्यावर घाला."

"अर्धं कोणतं?"

"सगळं."

दुसऱ्या दिवशी पहाटे घाट्याचं पातेलं वर आलं. ओली धोतरं काचेवर पसरली, कडेच्या पट्टीला कपड्यांचे चिमटे लावले. चिमटे मी दिले, एका रंगाचे. अक्काने उभ्याने थापायला सुरुवात केली. इतकी वर्षं ती जमिनीवर वाकून थापायची, आता कमरेला ताण नव्हता. "अरे वा," ती म्हणाली, "सरकारने ओटा दिलाय." ऊन वर चढलं आणि दुपार व्हायच्या आत बिबडे सुटले. काच खालून तापते, ऊन वरून तापतं. असे पातळ, एकसारखे बिबडे तिने कधी केले नव्हते, हे तिचं म्हणणं. मी दोन खाल्ले. बरोबर होतं.

आठवडाभर हे चाललं. बोळातल्या आणखी दोघी आल्या. गच्चीवर पुन्हा बडबड सुरू झाली. एकीने मला विचारलं, "बाई, आता तुमच्याकडे वीज बिबड्यांतून येते का?" अक्का म्हणाली, "म्हणूनच बिबडे तळायच्या आधीच तडतडतायत."

मग मामाचा फोन. पुण्यात बसून तो मोबाईलवर आमच्या पॅनेलने किती वीज केली ते पाहत असतो. "आई, आठ दिवस जनरेशन एकदम पडलंय. तू धुतेस ना?"

"धुते."

"मग काहीतरी बिघाड आहे. मी धुळेवाल्याला पाठवतो. तसंही त्याला कंपनीच्या माणसाला घेऊन यायचंय. तपासणी झाली, फोटो चढला की सबसिडी जमा होईल."

ते दोघं न कळवता आले. वीज कंपनीचा माणूस थकलेला, शांत, हातात फाइल. धुळेकर जिना चढून वर पोचला आणि त्याच्या निळ्या काचेवर पांढरी धोतरं, त्यांवर गोल गोल ओले बिबडे आणि माझे हिरवे चिमटे पाहून दारातच थांबला.

"हे काय आहे?"

"बिबडे," मी म्हटलं.

"मॅडम, हे सोलर आहे का पापडाचं दुकान? वॉरंटी जाईल! उचला, उचला सगळं!"

"अर्ध्या तासात वाळतील. तोवर बसा, चहा घ्या."

तो बसला नाही. त्याने पहिल्या धोतराचे चिमटे ओढून काढले आणि धोतर खेचलं. अर्धे वाळलेले बिबडे खेचल्यावर काय होतं ते सांगायला नको. ते फाटले, चिकटले, गोळा झाले. अक्काने त्याचा हात धरला. त्याने हिसडा देऊन सोडवला आणि दुसरं धोतर ओढलं.

"भाऊ, हात तरी धुवाना व्हता!" अक्का ओरडली आणि तिला खोकला आला. ती पॅनेलच्या लोखंडी पायाला धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी. खाली पडलेले बिबडे तिच्या पायाशी. बाकीच्या दोघी तिची पाठ चोळत होत्या आणि धुळेकर उरलेली धोतरं गोळा करून माझ्या पश्चिमेच्या बाजूला, निंबाच्या सावलीत ढीग करत होता.

कंपनीच्या माणसाने खाली पडलेला एक तुकडा उचलला, झटकला, तोंडात टाकला. "कच्चा आहे अजून," तो हळू आवाजात म्हणाला. मग फाइल उघडून मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथे उभ्या राहा. ग्राहक पॅनेलसोबत फोटोत हवा."

"नसला तर?"

"तर तपासणी पूर्ण होत नाही."

"आणि सबसिडी?"

"ती मग येत नाही."

धुळेकराने मागे वळून पाहिलं. त्याचा शेवटचा हप्ता सबसिडी जमा झाल्यावर द्यायचा ठरला होता, हे मला आठवलं आणि त्यालाही त्याच क्षणी आठवलं.

मी म्हटलं, "मी फोटोला उभी राहणार नाही."

"मॅडम, रागाच्या भरात—"

"मला राग नाही आला. मी तुमच्याशी इतक्या सावकाश बोलते आहे, त्यावरून ओळखा. रेघेच्या पूर्वेचे सगळे पॅनेल काढा. मला लागतात तेवढे पश्चिमेला आणि मधल्या पट्ट्यात राहू द्या. मग मी फोटोत हसेनसुद्धा."

"सबसिडी कमी होईल!"

"होऊ द्या."

"नवी फाइल करावी लागेल!"

कंपनीच्या माणसाने मान हलवली. "ती होते," तो म्हणाला. "क्षमता कमी दाखवायची. वेळ लागतो, पण होते." एवढं बोलून तो गेला. जाताना त्याने अक्काला विचारलं, बिबडे विकत मिळतील का. अक्काने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मामाशी फोनवर जे झालं ते तुमच्या आईला माहीत आहे. तिनेही मला समजवायला फोन केला होता, ते मी विसरलेले नाही.

मामा म्हणाला, "आई, मिळणारे पैसे कोणी सोडतं का? आणि कशासाठी? बिबड्यांसाठी?"

"हो."

"त्या बाईला आपण दर महिन्याला काहीतरी देत जाऊ."

"तू दोन महिने देशील. तिसऱ्या महिन्याला मला आठवण करावी लागेल. आणि ती घेणार नाही."

"लोक हसतील."

"हसू दे. तू दिवाळीत हसला होतास, मी काही बोलले का?"

त्याने फोन ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याचा फोन आला नाही, पण मोबाईलवर वीज मोजायचं त्याने सोडलं नाही.

धुळेकर लगेच आला नाही. आज पाठवतो, उद्या पाठवतो, माणसं लग्नाला गेलीत. तोवर पाडवा आला आणि अक्का मिलमध्ये जायला लागली. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा नाकावर पदर बांधलेला, भुवया आणि पापण्या डाळीच्या भुशाने पिवळ्या. माझ्या खोलीच्या खिडकीतून तिचा खोकला ऐकू येतो. एसी लावला की खिडकी बंद करावी लागते आणि खोकला ऐकू येत नाही. त्या दिवसांत मी एसी लावला नाही. याने तिला काही फायदा झाला नाही. पण मला तो ऐकायचा होता.

शेवटी धुळेकराची माणसं आली आणि पूर्वेची रांग उतरवली. लोखंडी पाय काढलेल्या ठिकाणी सिमेंटचे ठोकळे राहिले, ते फोडून घेतले, जागा धुऊन घेतली. माझी रेघ पुन्हा सरळ दिसू लागली, दोन जागी खरवडलेली. कंपनीचा माणूस आला, मी उरलेल्या पॅनेलजवळ उभी राहिले. हसले नाही. शब्द दिला होता, पण जमलं नाही.

अक्काला निरोप पाठवला. ती आली नाही. पुन्हा पाठवला. मग मी स्वतः बोळ ओलांडून गेले. तिच्या खोलीत पंखा फिरत होता आणि गरम वारा पत्र्यावरून खाली ढकलत होता. बसायला तिने पाट दिला. मी गच्ची मोकळी झाल्याचं सांगितलं.

"मिलमध्ये पगार दर आठवड्याला येतो, बाई," ती म्हणाली. "तुमची गच्ची येते कधी, जाते कधी, त्याचं काय खरं? पुढच्या वर्षी तुमचा मुलगा दुसरी काच आणेल."

"मी जिवंत आहे तोवर आणणार नाही."

"तेच म्हणते मी."

मी पाणी प्यायले आणि उठले. दारात तिने मागून विचारलं, "ठोकळे काढले का सगळे? धोतराखाली उंचवटा आला तर बिबडा फाटतो."

"काढले. धुतलंय."

"किती पाण्याने?"

"भरपूर."

"हं," ती म्हणाली.

परवा पहाटे जिन्यावर पातेल्याचा आवाज आला. अक्का आणि त्या दोघी. मला हाकसुद्धा न मारता त्या पूर्वेच्या बाजूला गेल्या, धोतरं पसरली, थापायला बसल्या. आभार वगैरे काही झालं नाही, आणि ते योग्यच होतं. मी माझी खुर्ची घेऊन जिन्याच्या सावलीत बसले. अक्का मधूनमधून खोकत होती. मिल तिने सोडली आहे की सुट्टी घेतली आहे, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

ऊन चढल्यावर ती उठली, कंबर धरली, रेघेपलीकडे आली आणि उरलेल्या पॅनेलपैकी कडेच्या दोन काचांवर ओलं धोतर पसरलं.

"इथे उभ्याने होतं," ती म्हणाली. मला विचारत नव्हती. हात पुढे केला. मी चिमटे दिले.

थोड्या वेळाने फोन वाजला. मामा. कितीतरी दिवसांनी.

"आई, आज काय झालंय? दहा वाजल्यापासून जनरेशन खाली आलंय."

"ढग आलेत," मी म्हटलं.

"ढग? जळगावला? चैत्रात?"

मी वर पाहिलं. आकाश तव्यासारखं कोरडं होतं. समोर अक्का काचेवर हात फिरवून शेवटचा बिबडा गोल करत होती.

"हो," मी म्हटलं. "चांगले दाट आहेत. दुपारपर्यंत हलतील असं वाटत नाही." आणि फोन ठेवून दिला.